शिकागोत, ठिपक्यांसमोर आई

बहिणीकडे शिकागोजवळ नेपरव्हिलला आलं की सगळे दिवस कॉस्टको आणि मॉलमध्येच जातात, म्हणून यावेळी हट्टाने आईला घेऊन ट्रेन पकडली आणि शिकागोचं आर्ट इन्स्टिट्यूट हे म्युझियम गाठलं. बाहेर ते दोन हिरवट ब्राँझचे सिंह, फोटो वगैरे झालं. विवेकानंदांचं १८९३ चं भाषण याच इमारतीत झालं असं सांगितल्यावर आईने पायरीला हात लावून नमस्कार केला, तिचं तिकीट तिथेच वसूल!

मला बघायचं होतं जॉर्ज सरा या फ्रेंच चित्रकाराचं 'ग्रांद जात बेटावरची रविवारची दुपार' हे चित्र. १८८४ ते ८६ मध्ये केलेलं, दोन मीटर बाय तीन मीटरचं धूड. लांबून नदीकाठी छत्र्या घेतलेली माणसं, जवळ गेलं की नुसते ठिपके. गवत म्हणजे हिरवा, पिवळा, केशरी, मधेच निळा, सगळं सुटं सुटं.

आई म्हणाली, "अरे, ही तर धूपछाव!" आणि खरंच की, पैठणीत ताणा एका रंगाचा नि बाणा दुसऱ्या, तिसरा रंग आपला डोळाच तयार करतो.

गंमत म्हणजे यामागचं सायन्सही विणकामातूनच आलंय. पॅरिसच्या गोबलां या भिंतीवरचे चित्रपडदे विणणाऱ्या कारखान्यात शेव्हरल नावाचा केमिस्ट रंगाई खात्याचा प्रमुख होता, तिथे काळा रंग नीट चढत नाही अशी तक्रार आली, त्याने तपासलं तर रंगात खोट नव्हतीच, शेजारच्या धाग्यांमुळे काळा मरगळलेला दिसत होता. त्यावर त्याने १८३९ मध्ये जाडजूड पुस्तक काढलं. सराने ते वाचलं, शिवाय रूड या अमेरिकन फिजिक्सवाल्याचंही, आणि ठरवलं की रंग पॅलेटवर कालवून मळवायचे नाहीत, शेजारी शेजारी ठेवायचे. चित्र दाखवलं तेव्हा हा पोरगा २६ वर्षांचा होता!

पण थिअरी वापरली म्हणून चित्र झळाळतं असं मला तरी वाटलं नाही, लांबून जरा धुरकटच दिसतं. त्यात केमिस्ट्रीने दगा दिला तो वेगळाच. त्याने वापरलेला झिंक यलो हा त्या काळचा नवा रंग काही वर्षांतच काळवंडला. उन्हातल्या गवतावर मी नाक लावून (गार्डने हटकेपर्यंत) बघितलं, तिथे चहाच्या डागासारखे तपकिरी ठिपके आहेत, ते मुळात लख्ख पिवळे होते.

"मग परत रंगवत का नाहीत?" आईचा प्रश्न. म्हटलं मूळ चित्राला कोण हात लावणार, पण २००४ मध्ये इथल्याच प्रदर्शनासाठी कॉम्प्युटरवर जुने रंग परत आणून बघितले होते. बाकावर बसून फोनवर ते शोधून दाखवलं. तिने चष्मा वर करून फोनकडे बघितलं, मग भिंतीकडे, परत फोनकडे.

"हे जरा भडकच आहे रे. चल, भूक लागली."