दोन रुपयांचा आक्षेप

दहावीला ‘राजकीय पक्ष’ हा धडा मी दरवर्षी शिकवतो. मूळ संविधानात पक्षांचा उल्लेख नव्हता, तो १९८५ मध्ये पक्षांतरबंदीच्या दहाव्या परिशिष्टातून आला, हेही सांगतो. मुलं ऐकतात, पण घरी त्यांनी पक्षांना शिव्याच ऐकलेल्या असतात. २० नोव्हेंबर २०२४ नंतर मी हा धडा वेगळ्या ठिकाणाहून सुरू करतो.

त्या दिवशी विधानसभेचं मतदान होतं आणि सातारा जिल्ह्यातल्या एका गावात मी केंद्राध्यक्ष होतो. पहाटे साडेपाचला मॉक पोलची, म्हणजे यंत्र तपासायच्या चाचणी मतदानाची वेळ, आणि खोलीत पक्षाचा एकच प्रतिनिधी, म्हणजे एजंट. नियमाप्रमाणे पंधरा मिनिटं थांबलो. एकाच पक्षाच्या माणसाला यंत्र रिकामं दाखवून भागत नाही, बाकीच्यांनी विश्वास कशावर ठेवायचा? पावणेसहाला दुसरा धापा टाकत आला, पाठोपाठ तिसरा. पन्नास मतं टाकली, निकाल जुळवला, पुसला. व्हीव्हीपॅट या मताची चिठ्ठी छापणाऱ्या यंत्रातल्या चिठ्ठ्यांवर शिक्का मारून त्या काळ्या लिफाफ्यात बंद केल्या. सीलवर तिघांनी सह्या केल्या. रिंगणात उमेदवार कितीतरी जास्त होते. मोठमोठ्या सभा घेणाऱ्या पक्षालाही एका गावात दिवसभर बसणारा एक माणूस मिळू नये, हे मला फार खटकतं.

अकराच्या सुमारास पन्नाशीचा एक गृहस्थ आला. वाशीच्या बाजारात माथाडी काम करणारा, मतदानासाठी रात्रीच्या गाडीनं गावी आलेला. पहिल्या मतदान अधिकाऱ्यानं नाव मोठ्यानं वाचलं. ते मोठ्यानं वाचायचं असतं एजंटांसाठीच. खिडकीजवळचा एजंट ताडकन उठला.

“साहेब, या नावाचा माणूस वारलाय. हा तो नव्हं.”

दुसऱ्या पक्षाचा एजंट खवळला. “आमचं मत अडवताय व्हय?”

दोघांना खाली बसवलं. आक्षेपाचे दोन रुपये भरून घेतले, पावती फाडली. तोतयेगिरीला शिक्षा आहे याची मतदाराला जाणीव दिली, यादीतली नोंद वाचून दाखवली, नमुना १४ वर, म्हणजे आक्षेप घेतलेल्या मतांच्या यादीवर, त्याची सही घेतली. त्याचा हात थरथरत होता. रात्रभर प्रवास करून आलेल्या माणसाला आपल्याच गावात ‘तू तू नाहीस’ असं ऐकावं लागलं होतं. मला वाईट वाटलं, पण चौकशी टाळता येत नव्हती.

पोलीस पाटलांना आत बोलावलं. त्यांनी लगेच ओळखलं. तेवढ्यात तिसरा एजंट यादीवर बोट ठेवून म्हणाला, “साहेब, हे बघा, चार नावं खाली. नाव तेच, आडनावही तेच. चुलतभाऊ. तो वारला, नाव तसंच राहिलंय.”

आक्षेप टिकला नाही. गृहस्थानं मत दिलं आणि जाताना आक्षेप घेणाऱ्याकडेच बघून मान हलवली. मग तिघांनी आपापल्या यादीत त्या मयत माणसाच्या नावावर खूण केली. संध्याकाळपर्यंत त्या नावावर कोणी आलं असतं, तर तीन पक्षांचे तीन आवाज एकदम उठले असते. माझ्या चार मतदान अधिकाऱ्यांपैकी एकही त्या गावचा नव्हता. आम्हाला यातलं काय कळणार होतं?

सहाला रांग संपली होती. क्लोज बटण दाबलं, एकूण आकडा सगळ्यांनी पाहिला, नोंदवहीशी जुळवला. १७ सी, म्हणजे पडलेल्या मतांच्या हिशेबाचा नमुना भरला. मतमोजणीच्या टेबलावर याच कागदाशी यंत्राचा आकडा ताडून बघतात, म्हणून प्रत प्रत्येक एजंटाच्या हातात द्यायची आणि पोच घ्यायची. आक्षेप खोडसाळ नव्हता, तेव्हा आक्षेप घेणाऱ्याला दोन रुपये परत केले. त्यानं ते न बघताच खिशात टाकले. त्याचं लक्ष कागदाकडे होतं.

“साहेब, माझ्या प्रतीवर तुमची सही पुसट उठलीय.”

तिन्ही प्रती परत मागून घेतल्या आणि पेन दाबून पुन्हा सही केली.