सहसंयुज म्हणजेच कोव्हॅलंट!

दहावीपर्यंत मराठी माध्यम आणि अकरावी सायन्सला एकदम दादरचं इंग्रजी कॉलेज. पहिल्या युनिट टेस्टला केमिस्ट्रीत वीसपैकी सहा. एक कॅल्शिअम, दोन क्लोरीन दिसले म्हणून मी 'कॅल्शिअम डायक्लोराइड' लिहिलं होतं आणि एन-टू-ओ-फोरला (दोन नायट्रोजन, चार ऑक्सिजन) नुसतं 'नायट्रोजन ऑक्साइड'. डाय, म्हणजे दोन, नको तिथे घातलं, हवं तिथे गाळलं.

मग भांडुप-दादर लोकलमध्ये एक, दोन, तीनचा केमिस्ट्रीतला जप सुरू झाला. मोनो, डाय, ट्राय, टेट्रा, पेंटा, हेक्सा... शेजारच्या काकांनी विचारलंसुद्धा, "कुठल्या देवाचं रे?" पाठ झालं, पण कधी वापरायचं ते कळेना.

आमच्या बिल्डिंगमधली एक ताई एमएस्सी करत होती. वही तिच्यापुढे टाकली. ती म्हणाली, "दहावीच्या पुस्तकात या कोव्हॅलंट बाँडला काय म्हणायचास?" म्हटलं, सहसंयुज बंध. "मग फोड की शब्द." सह आणि संयुजा, म्हणजे अणूची जोडले जायची क्षमता. को आणि व्हॅलन्स! लँगम्युअर या अमेरिकन रसायनशास्त्रज्ञाने 1919 मध्ये इंग्रजीत आणलेला शब्द मला मराठीत आधीपासून येत होता आणि मी महिनाभर त्याला घाबरत होतो.

खरी गंमत पुढे. कॅल्शिअम दोन इलेक्ट्रॉन देतो, क्लोरीन एकेकच घेतो. हिशोब ठरलेला, मग नावात आकडा कशाला? पण नायट्रोजन-ऑक्सिजन सहसंयुज बंधात इलेक्ट्रॉनची भागीदारी करतात, आणि तीही एका प्रकारे नाही. एन-टू-ओ, एनओ, एनओ-टू, एन-टू-ओ-थ्री, एन-टू-ओ-फोर, एन-टू-ओ-फाइव्ह. एकाची संयुजा दुसऱ्याखाली तिरकस मांडायची आमची शाळेतली युक्ती इथे एकच सूत्र देणार. म्हणून नावातच मोजणी: डायनायट्रोजन टेट्रॉक्साइड. पहिलं मूलद्रव्य एकटं असेल तर त्याला मोनो लावायचं नाही, एवढं लक्षात ठेवायचं. इलेक्ट्रॉन जास्त ओढणारा मागे बसतो. म्हणून ऑक्सिजन एरवी शेवटी, पण फ्लोरीनपुढे (इलेक्ट्रॉन ओढायच्या ताकदीच्या पॉलिंगच्या मापात 3.98, ऑक्सिजन 3.44) त्याचंही चालत नाही: ऑक्सिजन डायफ्लोराइड.

इलेक्ट्रॉनचे ठिपके मांडताना फॉस्फरस पेंटाक्लोराइडला अडलो. फॉस्फरसभोवती दहा इलेक्ट्रॉन! बाहेर आठच इलेक्ट्रॉन, या अष्टकाच्या नियमाचं काय? ताई म्हणाली, "सेकंड क्लासच्या बाकावर चौथी सीट घेतोस ना?" मग नायट्रोजन पेंटाक्लोराइड का नसतं, विचारलं. "त्याचा बाक लहान आहे." फॉस्फरस मोठा अणू, पाच क्लोरीनला भोवती जागा. उपमा कच्ची असेल, पण माझ्या डोक्यात बसली ती बसलीच.

दुसऱ्या टेस्टला सोळा. एक मार्क गेला तो फाजील हुशारीने: एनएच-थ्रीला मी 'नायट्रोजन ट्रायहायड्राइड' लिहिलं. सरांनी लाल पेनाने बाजूला लिहिलं होतं, "अमोनिया म्हण की बाबा."