राउटर जोडताना आधी तारेची बाजू पाहावी

नवा वाय-फाय राउटर घरी आला की बहुतेक जण नेटवर्कला नाव काय द्यावे, इथून सुरुवात करतात. माझ्या मते ते काम शेवटी करावे, कारण मोबाइलवर वाय-फायच्या पट्ट्या पूर्ण दिसत असूनही इंटरनेट येत नसेल, तर दोष बहुधा तारेच्या बाजूला असतो.

शहरांतील इमारतींत आता फायबर थेट घरात येते आणि फायबरमधला प्रकाश राउटरला समजेल अशा संकेतात बदलणाऱ्या ओएनटी नावाच्या पेटीत शिरते. या पेटीवरील ‘पॉन’ हा फायबरची जोडणी दाखवणारा दिवा स्थिर असावा. ‘एलओएस’चा लाल दिवा लागला असेल तर प्रकाशच तिथवर पोचत नाही, आणि मग राउटरमध्ये कितीही खटपट केली तरी उपयोग नसतो. दिवे ठीक असतील तर ओएनटीच्या लॅन (घरातल्या उपकरणांकडे जाणाऱ्या) पोर्टमधून निघालेली केबल राउटरच्या वॅन (बाहेरून इंटरनेट घेणाऱ्या) पोर्टमध्ये घालावी. हा पोर्ट सहसा इतरांपेक्षा वेगळ्या रंगाचा असतो.

खरी अडचण यापुढे येते. जोडणी पीपीपीओई, म्हणजे कंपनीकडे लॉगिन करून सुरू होणाऱ्या, प्रकारची असल्यास राउटरला युजरनेम आणि पासवर्ड द्यावा लागतो, पण जोडणी करायला आलेला माणूस तो स्वतःच भरून निघून जातो आणि ग्राहकाला त्याचा पत्ताही नसतो. म्हणून तो घरात असतानाच ही माहिती, व्हीलॅन क्रमांक (कंपनी आपली वाहतूक वेगळी ठेवण्यासाठी वापरते तो) असल्यास तोही, आणि जोडणी जुन्या राउटरच्या मॅक पत्त्याशी (उपकरणाच्या ओळख-क्रमांकाशी) बांधलेली आहे का, हे लिहून घ्यावे. बांधलेली असेल तर नव्या राउटरला जुन्याचाच मॅक पत्ता देणारा ‘मॅक क्लोन’चा पर्याय कामी येतो.

ब्राउझरमध्ये १९२.१६८.०.१ किंवा १९२.१६८.१.१ टाकले की सेटिंगचे पान उघडते. मात्र ओएनटी स्वतःच राउटरचे काम करीत असेल आणि दोघांचाही पत्ता १९२.१६८.१.१ असेल, तर दोन्ही एकमेकांच्या आड येतात. अशा वेळी ओएनटी ब्रिज मोडमध्ये (राउटरचे काम न करता इंटरनेट नुसते पुढे सोडण्याच्या स्थितीत) टाकून घ्यावा, नाहीतर नवा राउटर ॲक्सेस पॉइंट, म्हणजे फक्त वाय-फाय देणारे उपकरण, म्हणून वापरावा. काही संकेतस्थळे झटकन उघडतात आणि काही नुसतीच फिरत राहतात, असे दिसल्यास एमटीयू, म्हणजे डेटाच्या एका पाकिटाचा कमाल आकार (बाइटमध्ये), तपासावा. पीपीपीओई प्रत्येक पाकिटातले ८ बाइट स्वतःसाठी घेते, त्यामुळे तो १५००ऐवजी १४९२ असायला हवा.

वॅनचा पत्ता १००.६४ ते १००.१२७ यांदरम्यान सुरू होत असेल, तर आपण कंपनीच्या सामायिक पत्त्यामागे आहोत असे समजावे. मग घरचा कॅमेरा बाहेरून थेट पाहण्यासाठी पोर्ट फॉरवर्डिंग (बाहेरून आलेली विनंती राउटरमधून ठरावीक उपकरणाकडे पाठवणे) करणे व्यर्थ आहे. योजना ३०० एमबीपीएसची आणि वेग मात्र शंभराच्या आतच, या तक्रारीमागे पुष्कळदा केबल असते: तिच्यातील तारांच्या चार जोड्यांपैकी एक जरी तुटली, तरी पोर्ट १००वर उतरतो. स्टेटसच्या पानावर ते स्पष्ट दिसते, पण तिकडे कोणी पाहत नाही.

वाय-फायच्या सुरक्षेसाठी डब्ल्यूपीए२ किंवा डब्ल्यूपीए३ ही पद्धत निवडावी, डब्ल्यूपीएस (बटण किंवा पिनने झटपट जोडण्याची सोय) बंद करावे, २.४ गिगाहर्ट्झवर १, ६ किंवा ११ यांपैकी कमी गर्दीचे चॅनल घ्यावे आणि सेटिंगच्या पानाचा मूळ पासवर्ड बदलावा. सारे सुरळीत चालू झाल्यावर सेटिंगचा बॅकअप संगणकावर उतरवून ठेवावा, कारण रीसेटचे बटण थोडा वेळ दाबून धरले की पीपीपीओईच्या माहितीसह सर्व पुसले जाते.