कणकेची बोटं आणि कागदाचे दगड

वर्षावास, म्हणजे भिक्खूंचा पावसाळ्यातला मुक्काम, संपत आला की आमच्या विहाराच्या गच्चीवर कणकेची बोटं वाळत पडायची. आषाढ पौर्णिमेपासून रोज संध्याकाळी बाबासाहेब आंबेडकरांच्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचं वाचन व्हायचं. अश्विन पौर्णिमेला समारोप, खीरदान आणि रात्री आम्हा पोरांचं नाटक. उत्तर नागपुरातली ही आमची वस्ती. नाटकं बरीच बसवली, पण लोक मागायचे ते अंगुलीमाल, म्हणजे माणसं मारून त्यांच्या बोटांची माळ घालणाऱ्या आणि पुढे भिक्खू झालेल्या डाकूची गोष्ट. एका वर्षी दुसरंच काही केलं, तर बायांनी तोंडावर विचारलं, “आमचा अंगुलीमाल कुठं गेला?”

बोटं वळायचं काम लहान मुलींकडे असे. कणीक घट्ट भिजवायची, भरपूर मीठ घालायचं, खराट्याच्या काडीनं आरपार भोक पाडायचं, कडक ऊन द्यायचं आणि मग गेरूत बुडवायची. गोष्टीतली हजार बोटं कुठून आणणार? साठ-सत्तर झाली की गळाभर माळ व्हायची. अंगुलीमाल चालू लागला की ती खडखडायची, आणि पुढच्या सतरंजीवरची बारकी पोरं आईच्या कुशीत शिरायची.

तक्षशिलेला शिकायला गेलेला हुशार अहिंसक (हे अंगुलीमालाचं मूळ नाव), जळणारे सहाध्यायी, कान भरलेले आचार्य आणि त्यांनी मागितलेली हजार बोटांची गुरुदक्षिणा, हा अट्ठकथेतला, म्हणजे जुन्या पाली टीकेतला भाग आम्ही भराभर उरकायचो. खरा जीव होता जंगलातल्या प्रवेशात. तथागत, म्हणजे बुद्ध, संथ चालताहेत, हा जिवाच्या आकांतानं धावतोय, तरी अंतर कमी होत नाही. अंगुलीमाल एका जागी धावायचा, तथागत पावलापावलानं पुढे सरकायचे, ढोलकी वाढत वाढत जायची. तो दमून ओरडायचा, “श्रमणा, थांब!” ढोलकी बंद. “मी थांबलोच आहे, अंगुलीमाला. तू थांब.” मग माळ तुटायची, बोटं स्टेजभर घरंगळायची आणि पडदा पडायचा. कितीतरी वर्षं आमचं नाटक इथंच संपत असे.

ते पुढे नेलं मोठीआईनं. वर्षावासात ग्रंथ वाचायची तीच. पतितांच्या आणि गुन्हेगारांच्या धम्मदीक्षेचा भाग आला की तिचा आवाज बदलायचा. एका वर्षी मुक्कामाला आलेल्या भंतेजींकडून तिनं मज्झिम निकाय या पाली ग्रंथातलं अंगुलीमाल सुत्त पूर्ण ऐकलं आणि तालमीत येऊन म्हणाली, “थांबला म्हणजे झालं का रे पोट्ट्यांनो? त्यानं ज्यांची माणसं मारली, त्यांच्या दारात भिक्षेला जायचंय त्याला अजून.”

म्हणून दुसरा अंक आला. पाचशे घोडेस्वार घेऊन डाकूला पकडायला निघालेला कोसलचा राजा पसेनदी तथागतांच्या जेतवन विहारात येतो, आणि तथागत शेजारच्या भिक्खूकडे हात दाखवून सांगतात, हाच तो. राजाचा थरकाप आमच्याकडचा एक दादा असा करायचा की त्याचा पुठ्ठ्याचा मुकुट हलायचा. त्यानंतर अडलेल्या बाळंतिणीचा प्रवेश. तथागत सांगतात, तिला जाऊन म्हण, जन्मल्यापासून मी जाणूनबुजून कुणाचा जीव घेतलेला नाही, या सत्यानं तुझं आणि गर्भाचं कल्याण होवो. अंगुलीमाल म्हणतो, भगवंत, हे तर धडधडीत खोटं होईल. तेव्हा ते सांगतात, मग असं म्हण, आर्यजन्मात जन्मल्यापासून, म्हणजे भिक्खू झाल्यापासून. मोठीआईला हा प्रवेश सगळ्यात प्यारा होता. सुधारलेला माणूससुद्धा खोट्याचा आधार घेत नाही, मागचं पुसत नाही, हे तिला फार मोठं वाटे. भंतेजींनी सांगितलं होतं की श्रीलंकेत गरोदर बायांसाठी आजही हे परित्त, म्हणजे रक्षणाचा पाठ, म्हणतात. तेव्हापासून वस्तीतल्या कुठल्याही पोरीला दिवस गेले की मोठीआई तिच्याकडे जाऊन बसायची: “यतोहं भगिनि, अरियाय जातिया जातो…”

शेवटचा प्रवेश दगडांचा. श्रावस्तीत भिक्षेला गेलेल्या त्या भिक्खूवर ढेकळं, काठ्या, दगड येतात. डोकं फुटतं, पात्र भंगतं, चिवर फाटतं, आणि तथागत त्याला म्हणतात, सहन कर. दगड म्हणजे जुन्या वर्तमानपत्रांचे बोळे, दोऱ्यानं करकचून बांधलेले. फेकायचं काम बारक्या पोरांचं.

मी अंगुलीमाल केला त्या वर्षी आठवडाभर आधी मुंडण केलं होतं, पहिल्या अंकात वर केसांचा टोप. दुसऱ्या अंकात चिवर घालून, खाली मान घालून मी चालत होतो. बोळे लागत होते, त्यांचं काही नव्हतं. एकाएकी कानाच्या वर सणकन बसला. बोळ्यात खडा होता. हात लावला तर ओलं. समोर आठ-नऊ वर्षांचा पोरगा, डोळे विस्फारलेले. माझं डोकं फिरलं. हातातलं पात्र टाकून मी त्याच्याकडे दोन पावलं गेलोदेखील. तेवढ्यात विंगेतून, हातात वही धरून बसलेल्या मोठीआईचा आवाज आला. अगदी हळू. “थांब.”

मी थांबलो. पात्र उचललं. पुढचं नाटक कसं झालं ते आठवत नाही. लोकांना तो गेरूच वाटला, आणि पाणी मोठीआईच्या डोळ्यांत आलं की माझ्या, हेही सांगता येणार नाही.

खिरीच्या रांगेत तो पोरगा आईच्या मागे लपला. हाक मारली तर आला नाही. पुढच्या वर्षी मोठीआईनं त्याला दगडांच्या कामावरून काढलं आणि भिक्खूंच्या रांगेत घेतलं. चिवर त्याला फार मोठं होत होतं. तालमीत ते दोन्ही मुठींत धरून तो माझ्यामागे एकेक पाऊल मोजत चालायचा.