आहेराची वही आणि माझ्या मुलाची पात्रता

2017 च्या ऑगस्टमध्ये, हंगाम सुरू व्हायला जेमतेम दोन आठवडे उरले असताना, माझ्या मुलाला त्याच्याच विद्यापीठाने सामने खेळण्यास अपात्र ठरवले. तो अमेरिकेतल्या एका मोठ्या राज्य विद्यापीठाच्या फुटबॉल संघात किकर होता. हा फुटबॉल आपल्याकडचा नव्हे, हेल्मेट घालून आणि खांद्यांवर पॅड चढवून खेळतात तो. पण किकरचे काम त्यातही पायाचेच असते, आणि पुण्याच्या मैदानांवर तीन वर्षे घडलेला त्याचा पाय तिथे उपयोगी पडला. त्याच्यावर ठपका होता तो खेळाडू म्हणून मिळालेल्या गैरवाजवी लाभाचा. तो लाभ कोणता, आणि आमच्या घरात ज्याला आपलेपणा म्हणतात त्याला नियमांच्या पुस्तकात काय म्हणतात, हे समजून घेण्यात माझे पाच आठवडे गेले. भारतातून आलेल्या आणखी काही घरांतली मुले आता या खेळाकडे वळू लागली आहेत, त्यांच्या आईवडिलांना उपयोग व्हावा म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

पात्रतेची पहिली पायरी आम्ही त्याआधीच ओलांडली होती. विद्यापीठांच्या खेळांचे नियमन करणाऱ्या एनसीएए या संस्थेचे एलिजिबिलिटी सेंटर इंडियानापोलिसला आहे, आणि पहिल्या दर्जाच्या विभागात खेळू इच्छिणाऱ्या प्रत्येक मुलाची शैक्षणिक कागदपत्रे तिथे तपासली जातात. तो 2016 मध्ये दाखल झाला, म्हणजे नव्या, अधिक कडक अटी ज्यांना प्रथम लागू झाल्या त्यांच्यापैकी एक. शाळेतले सोळा मुख्य विषय पूर्ण हवेत, त्यांतले दहा शेवटचे वर्ष सुरू होण्यापूर्वीच झालेले हवेत, त्या दहांपैकी सात इंग्रजी, गणित किंवा विज्ञानाचे हवेत, आणि या विषयांच्या गुणांची सरासरी चारपैकी किमान 2.3 हवी. त्याची नववी पुण्यात झाली होती, त्यामुळे तिथल्या शाळेकडून नववीचे शिक्का-सहीचे निकालपत्रक मागवण्यात दोन महिने गेले. पण ते काम कागदांचे होते; कागद मिळाला की संपले. हौशी, म्हणजे खेळण्याचे पैसे न घेणारा, खेळाडू असल्याबद्दलची प्रश्नावलीही त्याने तेव्हाच भरली होती आणि तिच्यात लपवण्यासारखे काहीच नव्हते.

तो वॉक-ऑन होता, म्हणजे संघात होता पण स्कॉलरशिप नव्हती. त्याची फी आम्ही भरत होतो, खोलीचे भाडे आम्ही देत होतो. त्यामुळे ज्याला विद्यापीठ एक पैसाही देत नाही, त्याने कुणाकडून काय घ्यावे याच्याशी विद्यापीठाचा संबंध येत नाही, असा माझा प्रामाणिक समज होता. तो चुकीचा निघाला. संघाच्या यादीत नाव असलेल्या प्रत्येकाला नियम सारखेच लागू होतात. हे मला आजही पूर्णपणे न्याय्य वाटत नाही, पण ते तसे आहे आणि ते आधी माहीत असायला हवे.

घडले ते असे. माझ्या यजमानांचे इंजिनिअरिंग कॉलेजपासूनचे एक मित्र मुलाच्या विद्यापीठापासून वीस मिनिटांवर राहतात. मुलगा त्यांना काका म्हणतो, मी भावजी म्हणते. दोन्ही घरांत पंचवीस वर्षांचा राबता आहे. जून 2017 मध्ये माझे सासरे पुण्यात अतिदक्षता विभागात होते. यजमान आधीच तिकडे गेले होते, मी न्यू जर्सीत, आणि मुलगा उन्हाळी वर्गांसाठी विद्यापीठात. एका रात्री दोन वाजता फोन आला की नातवाला भेटायचे असेल तर उशीर करू नका. भावजी तासाभरात त्याच्या खोलीवर पोहोचले, स्वतःच्या कार्डावर 1,340 डॉलरचे तिकीट काढले आणि त्याला विमानतळावर सोडून आले. पैशांचे नंतर बघू, एवढेच बोलणे झाले. परत आल्यावर त्यांनी घरातली जुनी गाडी त्याला वापरायला दिली, कारण उन्हाळ्यात विद्यापीठाच्या बस कमी असतात. सासरे त्या दुखण्यातून उठले, आणि त्या आनंदात ते नंतर बघायचे राहूनच गेले.

ऑगस्टमध्ये संघातल्या सर्वांकडून दरवर्षीप्रमाणे फॉर्म भरून घेतले गेले. त्यांत एक फॉर्म गाडीचा असतो: कोणती गाडी चालवता, ती कोणाच्या नावावर आहे, हप्ते कोण भरते. मुलाने काकांचे नाव लिहिले. तिसऱ्या दिवशी कम्प्लायन्स ऑफिसने, म्हणजे नियमपालन पाहणाऱ्या कार्यालयाने, त्याला बोलावून घेतले.

मी तिथे फोन केला तेव्हा पहिला धक्का बसला तो असा की त्या बाईंनी माझ्याशी बोलायलाच नकार दिला. मुलगा अठरा वर्षांचा झाला की त्याच्या शैक्षणिक नोंदींबाबत आईवडिलांशी बोलायला त्याची लेखी संमती लागते, असा कायदा आहे. ती संमती त्याने दिल्यावर त्या माझ्याशी तासभर बोलल्या, आणि अतिशय आस्थेने बोलल्या, हे मुद्दाम सांगितले पाहिजे. भावजींनी चार वर्षांपूर्वी चांगल्या जागेची हंगामी तिकिटे मिळावीत म्हणून विद्यापीठाच्या क्रीडा विभागाला देणगी दिली होती. त्या दिवसापासून ते नियमांच्या भाषेत बूस्टर झाले होते, म्हणजे संघाचे हितचिंतक आणि पाठीराखे. एकदा बूस्टर झालेला माणूस कायमचा बूस्टर राहतो. देणगी थांबवली तरी ओळख पुसली जात नाही. बूस्टरने खेळाडूला घरी अधूनमधून जेवू घातले तर चालते, जेवणासाठी गाडीतून नेले-आणले तरी चालते. विमानाचे तिकीट आणि वापरायला गाडी चालत नाही. मी म्हटले, पैसे आजच परत करतो. त्या म्हणाल्या, जरूर करा, पण बूस्टरकडून पैसे उसने घेणे हाच मुळात लाभ मानला जातो, त्यामुळे परतफेडीने प्रश्न मिटणार नाही.

इथे प्रक्रिया कशी चालते ते सांगते, कारण ती कळेपर्यंत मी फार घाबरले होते. विद्यापीठालाच पहिल्यांदा आपल्या खेळाडूला अपात्र ठरवावे लागते, आणि मग तेच विद्यापीठ एनसीएएकडे पात्रता परत देण्याची विनंती करते. म्हणजे ज्यांनी त्याला बाहेर बसवले तेच त्याची बाजू मांडणार होते. या काळात त्याला सराव करता येत होता, सामना खेळता येत नव्हता. निर्णय एनसीएएचे कर्मचारी देतात, आणि तो मान्य नसेल तर एका समितीकडे अपील करता येते.

आमच्या बाजूने एकच वाट होती: हे नाते खेळामुळे जुळलेले नाही हे दाखवणे. अशा प्रकरणांत चार गोष्टी तपासतात. खेळाडूशी किंवा त्याच्या आईवडिलांशी असलेला संबंध त्याच्या खेळामुळे निर्माण झाला का. तो खेळाडू म्हणून विद्यापीठांच्या नजरेत येण्याआधीपासून हा संबंध होता का. खेळात त्याचे नाव होण्याआधी होता का. आणि नाव होण्यापूर्वी जे देणेघेणे चालत होते त्याचे स्वरूप नंतरच्या देण्याघेण्यासारखेच होते का. पहिल्या तीन प्रश्नांना कॉलेजच्या निरोप समारंभाचा फोटो आणि जुने ई-मेल पुरेसे होते. चौथ्याने आम्हाला अडवले. मित्रांच्या घरांतल्या देण्याघेण्याच्या पावत्या कोण ठेवतो?

पावत्या कोणी ठेवत नसले तरी आहेराची यादी मात्र ठेवतात. मुलाची मुंज 2006 मध्ये पुण्यात झाली होती, आणि सासूबाईंनी शिरस्त्याप्रमाणे लाल कापडी बांधणीच्या वहीत सगळा आहेर लिहून ठेवला होता, कारण उद्या त्यांच्या घरी कार्य निघाले की आपल्याकडून किती जायला हवे हे त्यावरून ठरते. यजमानांनी कपाटातून ती वही काढून पानांचे फोटो पाठवले. सतराव्या पानावर निळ्या शाईत भावजींचे नाव, पुढे ‘बटूस सोन्याची अंगठी, रोख 2,501, सौ.ना साडी’, आणि समासात सासूबाईंच्या बारीक अक्षरात ‘विमानभाडे स्वतःचे, मुद्दाम आले’. त्याच वहीच्या मागच्या पानांवर आम्ही त्यांच्या मुलीच्या बारशाला काय दिले तेही होते. मी ते फोटो मोठे करून पाहत बराच वेळ बसून राहिले. मुलाने पायात फुटबॉलचे बूट घालण्याच्याही आधीची ती नोंद होती.

मराठीतला मजकूर तसाच चालणार नव्हता, म्हणून प्रमाणित भाषांतर करून घ्यावे लागले, आणि सोबत आहेर म्हणजे काय हे सांगणारे दोन पानांचे पत्र मी स्वतः लिहिले. त्यात मी हेही लिहिले की 2015 च्या उन्हाळ्यात त्यांची मुलगी आमच्याकडे राहून इंटर्नशिप करत होती आणि तीन महिने माझी गाडी वापरत होती. वाकून नमस्कार केल्यावर वडीलधारे मुलाच्या हातावर पैसे ठेवतात, हेही लिहिले. ते विचारले नव्हते, पण मुलाला मुलाखतीत कधीतरी विचारतील आणि तो गांगरेल अशी मला भीती होती. तसे विचारले गेलेच, आणि त्याने शांतपणे सांगितले की पाया पडलो की पन्नास डॉलर मिळतात, दिवाळीला आणि वाढदिवसाला, तिसरीत असल्यापासून.

या मुलाखतीआधी कम्प्लायन्सच्या बाईंनी त्याला एकच गोष्ट पुन्हा पुन्हा बजावली होती: आठवेल ते सगळे सांग, किरकोळ वाटेल तेही. त्यांनी ओक्लाहोमा स्टेटच्या डेझ ब्रायंटचे उदाहरण दिले. 2009 मध्ये डिऑन सँडर्स या माजी खेळाडूशी झालेल्या भेटीबद्दल खरे न सांगितल्यामुळे त्याचा उरलेला हंगाम गेला. भेट अंगाशी आली नाही, लपवणे आले. म्हणून मुलाने हेडफोनचेही सांगितले. भावजींच्या धंद्यातल्या भागीदाराने त्याच्या वाढदिवसाला 85 डॉलरचे हेडफोन दिले होते. मला ते माहीतही नव्हते. हे गृहस्थही देणगीदार होते, आणि त्यांची मुलाशी ओळख झाली होती ती तो संघात आहे म्हणूनच.

तीन सामने तो जर्सीऐवजी साध्या टी-शर्टमध्ये मैदानाच्या कडेला उभा राहिला. त्याच दिवसांत सेंट्रल फ्लोरिडा विद्यापीठाच्या डोनाल्ड डी ला हे या मुलाचे प्रकरण गाजत होते. तोही किकरच. यूट्यूबवर स्वतःच्या खेळाडू जीवनाचे व्हिडिओ टाकून जाहिरातींचे पैसे घेतल्यामुळे त्याची पात्रता गेली आणि स्कॉलरशिपही गेली. माझा मुलगा रात्री ते वाचत बसे आणि मला विचारी, आई, त्याने चोरी केली का? माझ्याकडे याचे उत्तर नव्हते. नियमामागचे कारण मला पटत होते. 1987 मध्ये सदर्न मेथडिस्ट विद्यापीठाचा अख्खा हंगाम रद्द झाला तो पाठीराख्यांनी खेळाडूंना गुपचूप पैसे पुरवल्यामुळे, आणि असा बाजार कोणत्याच आईला आपल्या मुलाभोवती नको असतो. पण स्वतःच्या कष्टाचे पैसे घेणारा मुलगा आणि आजोबांना भेटायला निघालेला मुलगा यांना त्याच जाळ्यात ओढणे मला तेव्हाही पटले नाही आणि आजही पटत नाही.

सप्टेंबरच्या अखेरीस निर्णय आला. तिकीट आणि गाडी ही खेळाशी संबंध नसलेल्या जुन्या कौटुंबिक नात्यातली देवघेव असल्याचे मान्य झाले. हेडफोन मात्र नियमभंग ठरले. रक्कम लहान असल्यामुळे तेवढी किंमत आपल्या पसंतीच्या धर्मादाय संस्थेला देऊन पावती सादर केली की पात्रता परत मिळते. मुलाने गावातल्या अन्नछत्राला 85 डॉलरचा चेक दिला, दुपारी पावती कार्यालयात नेऊन दिली, आणि शनिवारी तो खेळला.

पुढे 1 जुलै 2021 पासून खेळाडूंना स्वतःच्या नावावर आणि प्रतिमेवर पैसे मिळवायची मुभा मिळाली, आणि 2025 च्या जूनमध्ये न्यायालयाने मंजूर केलेल्या तडजोडीनंतर विद्यापीठे स्वतःच खेळाडूंना उत्पन्नातला वाटा देऊ लागली. पहिल्या वर्षाची मर्यादा प्रत्येक विद्यापीठाला सुमारे 2 कोटी 5 लाख डॉलरची होती. डी ला हेने जे केले ते आज कोणताही खेळाडू उघडपणे करतो. तरीही कोणाकडून काय, किती आणि कशाबद्दल मिळाले ते कळवण्याचे बंधन आहेच, आणि 600 डॉलर किंवा त्याहून मोठा बाहेरचा करार आता तपासणीसाठी द्यावा लागतो. म्हणून ज्यांची मुले खेळतात त्यांना माझे सांगणे आहे की मूल शाळेत असतानाच, ज्या स्नेह्यांशी देणेघेणे आहे त्यांनी विद्यापीठाला कधी देणगी दिली आहे का ते विचारून घ्या, आणि संमतीच्या फॉर्मवर मुलाची सही पहिल्याच आठवड्यात घ्या.

भावजींनी हंगामी तिकिटे सोडून दिली, पण बूस्टर हा शिक्का राहिलाच. त्या वर्षी दिवाळीत वहिनींनी मुलाला फराळाला बोलावले तेव्हा त्याने आधी कार्यालयाला ई-मेल पाठवून विचारले. घरी बसून खाल्ले तर हरकत नाही, असे उत्तर आले. सोबत बांधून दिलेल्या डब्याचे काय, ते त्याने दुसऱ्या ई-मेलने विचारले. दोन्ही उत्तरे मी छापून घेतली आणि आहेराच्या वहीच्या भाषांतराबरोबर एकाच फाइलला लावून ठेवली.