कॉम्प्युटेक्स 2024, तैपेई : टचस्क्रीन यंत्रं हाताळताना काय पाहावं

तैपेईचं कॉम्प्युटेक्स हे संगणकांचं प्रदर्शन 2024 साली 4 ते 7 जून या काळात नानगांग प्रदर्शन केंद्राच्या दोन हॉलमध्ये भरलं होतं. सुमारे 1,500 प्रदर्शक आणि 4,500 स्टॉल होते. चार दिवसांत सगळं बघून होत नाही, म्हणून हा वृत्तांत टचस्क्रीनचे लॅपटॉप, टॅब्लेट आणि हँडहेल्ड (हातात धरून खेळायचे छोटे गेमिंग संगणक) यांच्यापुरताच.

भारतीय पासपोर्टवर तैवानचा व्हिसा साधारणपणे आधी काढावा लागतो. ऑक्टोबर 2024पासून तैवानचं कार्यालय मुंबईतही आहे. विमानतळावरून मेट्रोने तैपेई मेन स्टेशन, तिथून निळ्या मार्गाने शेवटचं स्थानक नानगांग प्रदर्शन केंद्र. हा दुसरा टप्पा सुमारे 25 मिनिटांचा. ईझीकार्ड, म्हणजे मेट्रोत चालणारं प्रीपेड कार्ड, विमानतळावरच घ्या. मेट्रोत पाणी पिणंसुद्धा मना आहे, दंड 1,500 तैवानी डॉलरपासून सुरू होतो. तिथला पहिला मजला म्हणजे आपला तळमजला. स्टॉलचा पत्ता शोधताना ही गल्लत हमखास होते. शाकाहारी खानावळींच्या पाट्यांवर बऱ्याचदा स्वस्तिक असतं, ते ओळखीचं म्हणून लक्षात राहतं.

प्रोसेसर, रॅम, बॅटरी यांचे आकडे घरी बसून वाचता येतात. स्टॉलवर वेळ द्यायचा तो पडद्यावर लिहायच्या पेनला. एक सहा इंची पट्टी खिशात ठेवा. विंडोजमधलं पेंट उघडा आणि पट्टीला टेकवून अगदी सावकाश तिरकी रेघ ओढा. पडद्याखालच्या संवेदक तारांच्या मधली जागा यंत्र अंदाजाने भरतं. तो हिशेब कच्चा असेल तर रेघ लाटेसारखी उमटते. भरभर ओढलेल्या रेघेत हा दोष दिसत नाही. मग देवनागरीत एक ओळ लिहा. लांब शिरोरेषा सरळ येते का, तळहात टेकलेला असताना मध्येच डाग उमटतात का, आणि मुख्य म्हणजे अनुस्वार उमटतो का. पेनाला रेघ सुरू करायला जास्त दाब लागत असेल तर हलका टिंब गळतो आणि ‘अंत’चा ‘अत’ होतो. रोमन लिपीत लिहिणाऱ्याच्या हे सहज लक्षात येणार नाही. मराठीत नोंदी घेणाऱ्याला मात्र रोज छळेल.

स्टॉलवरची यंत्रं सतत चार्जिंगला लावलेली असतात. चार्जरच्या विद्युत गोंगाटामुळे स्पर्श आपोआप उमटतात किंवा रेघ थरथरते. तसं दिसलं तर वायर काढायला सांगून पुन्हा रेघ ओढा. दोष गेला तर तो चार्जरचा, पडद्याचा नाही. शिवाय बरेच नमुने उत्पादनाआधीचे असतात. त्यामुळे सॉफ्टवेअर अडखळलं तर सोडून द्या, पण बिजागरी सैल असेल तर नोंदवा. लॅपटॉप उघडून पडद्याच्या वरच्या कोपऱ्यावर बोट आपटा. डोलणं लगेच थांबलं पाहिजे.

असुसचा प्रोआर्ट पीझेड13 इथेच जाहीर झाला. 13.3 इंची ओलेड पडदा, वजन 0.85 किलो, पण हे वजन कीबोर्डशिवायचं. कीबोर्ड आणि पाठीचा टेकू जोडून एकत्र उचलून बघा, मांडीवर ठेवून टाइप करून बघा. त्यात स्नॅपड्रॅगन प्रोसेसर आहे, तो आर्म जातीचा, म्हणजे नेहमीच्या इंटेल-एएमडीपेक्षा वेगळ्या रचनेचा. अशा यंत्रांवर जुने प्रोग्राम अनुकरणाने, म्हणजे आतल्या आत भाषांतर होऊन, चालतात, ड्रायव्हर मात्र चालत नाहीत. डिजिटल सहीचा यूएसबी टोकन किंवा जुना प्रिंटर वापरत असाल तर त्याचा आर्मसाठीचा ड्रायव्हर आहे का, हे घेण्याआधी पाहा.

हँडहेल्डमध्ये असुसचा आरओजी अ‍ॅलाय एक्स सगळ्यांत पक्का वाटला. आधीच्या मॉडेलच्या तुलनेत बॅटरी 40 वरून 80 वॉट-तास झाली आणि वजन 608 वरून फक्त 678 ग्रॅमवर गेलं. साठवणीची एसएसडीही आता नेहमीच्या 2280 मापाची बसते, म्हणजे बदलायला सोपी. अडचण विंडोजची आहे : 7 इंची पडद्यावर खिडकी बंद करायची फुली बोटाला नीट सापडत नाही. एमएसआयच्या क्लॉ 8 एआय प्लसच्या 8 इंची पडद्यावर ती जरा बरी सापडते, आणि झोटॅकच्या झोनला दोन्ही बाजूंना छोटे ट्रॅकपॅड आहेत, तो उपाय शहाणपणाचा आहे.

खरेदीसाठी झोंगशियाओ शिनशेंग स्थानकाजवळचं ग्वांगहुआ डिजिटल प्लाझा गाठा. कीबोर्डवर चिनी उच्चारखुणा छापलेल्या असतात आणि वॉरंटी बहुधा स्थानिकच असते, दोन्ही विचारून घ्या. एका दुकानात एका दिवसात 2,000 तैवानी डॉलर किंवा त्याहून जास्त खरेदी झाली तर 5 टक्के कराचा परतावा मिळतो. बिल आणि पासपोर्ट जवळ ठेवा आणि सामान चेक-इन करण्याआधी विमानतळावरची परताव्याची खिडकी गाठा, कारण वस्तू दाखवायला सांगू शकतात. बॅटरीची यंत्रं आणि पॉवर बँक हातातल्या बॅगेतच ठेवा; 100 वॉट-तासांपर्यंत विमानात अडचण येत नाही. भारतात 18 वर्षांवरील प्रवाशाला एक लॅपटॉप सीमाशुल्काशिवाय आणता येतो. हँडहेल्डला ती सवलत गृहीत धरू नका.