१७ नंबरची सुरी

तक्रार एका ओळीची होती: 'पुढची दोन बोटं धार धरत नाही.' सोबत टोमॅटोचा फोटो. साल चेपलेलं, कापलेलं नव्हे.

हाताने घडवलेल्या सुऱ्या विकणाऱ्याकडे अशी तक्रार क्वचित येते. येतात त्या वेगळ्याच: खोकं चेपलं, पॉलिशवर केसाएवढी रेघ आहे, मुठीतल्या पितळी पिनेभोवती काळी कड दिसते. संग्राहक सुरी भिंगाखाली बघतो, भाजीवर नाही. हा गिऱ्हाईक हॉटेलातला शेफ होता आणि १६ नंबरची सुरी त्याने तीन आठवडे रोज चालवली होती.

मी त्याला पहिला प्रश्न केला, "कुठल्या धारवाल्याकडे दिली होती का?" सायकलच्या चाकावर सहाण फिरवणारा धारवाला पातळ पात्याचं दहा सेकंदात वाटोळं करतो, हे खरं आहे. पण सुरी हातात घेण्याआधीच मी गिऱ्हाइकाला आरोपी केलं होतं. "१००० नंबरच्या ओल्या दगडावर लावतो, दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाही," एवढं बोलून त्याने फोन ठेवला. ओल्या दगडावर हाताने घासून पोलाद भाजून नरम पडत नाही. दुसऱ्या दिवशी त्याने सुरी कुरिअरने परत पाठवली.

या खेपेत आठ पाती होती, नंबर ११ ते १८. पोलाद एन ३१, म्हणजे बेअरिंगचं. बाहेरचे लोक त्याला ५२१०० म्हणतात. सुमारे एक टक्का कार्बन, दीड टक्का क्रोमियम. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत दोन टॉवेल कारखान्यांमधल्या गाळ्यात आमची भट्टी, आणि माणसं दोन: मिस्त्री आणि मी. पात्याची लांबी २१० मिलीमीटर, रुंदी टाचेशी, म्हणजे मुठीलगत, ४८. हे आकडे उगाच नाहीत. ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पातं झालं की शस्त्र नियमांचा प्रश्न उभा राहतो. घरगुती आणि शेतीच्या अवजारांना सूट आहे. पण कुरिअरच्या खिडकीवरच्या पोराला कलम समजावून सांगण्यापेक्षा आधीच आत राहिलेलं बरं. सणासुदीला शहरात मनाई आदेश लागले की आम्ही सुऱ्या गाळ्याबाहेर काढतच नाही. काढायच्याच असतील तर शिवलेल्या खोक्यात, बिलासकट.

मुठीबद्दल थोडं सांगतो, कारण संग्राहक आमच्याकडे येतात ते त्या मुठीसाठी. सांबरशिंग आम्ही वापरत नाही. वन्यजीव कायद्यात त्याचा व्यापार बसत नाही, आणि तरी 'जुना साठा आहे' म्हणत विकणारे भेटतात. आमची मूठ सोलापुरी चादरीची असते. कारखान्यातून चादरींचे कडेचे तुकडे मिळतात. ते आधी गरम पाण्यात दोनदा धुऊन त्यातली खळ काढायची, नाहीतर राळ, म्हणजे इपॉक्सी, आत मुरत नाही आणि सहा महिन्यांनी थर सुटतात. दिवसभर उन्हात वाळवायचे. मग एकेक थर इपॉक्सीत भिजवून दहा-बारा थर एकावर एक, वर-खाली मेणकापड, आणि दोन लोखंडी पट्ट्यांत आवळून चोवीस तास. जास्त आवळलं की राळ बाहेर पिळली जाते आणि मधले थर कोरडे राहतात. नवखा माणूस हमखास इथे चुकतो. सोलापूरच्या मे महिन्यात एका वेळी २०० ग्रॅमपेक्षा जास्त राळ कालवली तर ती कपातच तापून धूर सोडते. ठोकळा घासून गोलाई आली की थरांच्या लाटा वर येतात, तांबड्या-पिवळ्या-निळ्या. चादरीवरचा मोर कुठे दिसत नाही. तरी "मोर कुठे आहे?" असं विचारणारा एक तरी निघतोच.

विक्रीही सांगायला हवी, त्याशिवाय पुढचं कळणार नाही. दुकान नाही. खेप तयार झाली की यादीतल्या लोकांना एकाच वेळी निरोप जातो. प्रत्येक नंबरचे चार फोटो: बाजूने, पाठीवरून, मुठीचा, आणि टाचेकडून सरळ समोर धरून. शेवटचा महत्त्वाचा, कारण पातं धारेकडे किती पातळ होत जातं ते त्यातच दिसतं. जो कारागीर हा फोटो टाळतो त्याची सुरी जाड असते असं खुशाल समजा. वजन, तीन ठिकाणची जाडी, कठीणपणा हे लिहून. मागणी जास्त आली तर चिठ्ठ्या. अमेरिकेत अटलांटाला सुऱ्यांचं मोठं प्रदर्शन भरतं. अशा प्रदर्शनांत नावाजलेल्या कारागिराच्या टेबलावर गर्दी झाली की डब्यात नावं टाकून सोडत काढतात. आम्ही पद्धत तिथूनच उचलली. आगाऊ पैसे घेत नाही. आगाऊ घेतलेले पैसे पोलादात आणि वीजबिलात जातात, आणि मग वर्षभर जुनं देणं फेडत सुऱ्या बनवाव्या लागतात. या धंद्यातले बरेच चांगले हात असेच बुडाले.

तर १६ नंबर टेबलावर आला. ६ मिलीमीटरची पितळी सळई आडवी पकडली आणि धार तिच्यावर साधारण १५ अंशांत दाबून ओढली. पाणी, म्हणजे तापवून थंड केल्यावर येणारा कठीणपणा, नीट चढलेलं असेल तर धार सळईवर वाकते आणि लगेच सरळ होते. नको तितकं कठीण असेल तर कपरा उडतो. नरम असेल तर वाकलेली तशीच राहते. टाचेपासून पुढे सगळीकडे धार सरळ झाली. टोकाकडच्या वीस मिलीमीटरवर वाकली ती वाकलीच.

मग कठीणपणाच्या कानशी काढल्या. त्यांच्यावर ५५, ६०, ६५ असे आकडे असतात. टाचेजवळ ६० ची कानस काचेवर घासावी तशी घसरली. टोकाजवळ तिने लोखंड खाल्लं आणि ५५ ची घसरली. म्हणजे टोक ५५ आणि ६० च्या मध्ये कुठेतरी. प्रमाणपत्रावर मी ६०-६१ लिहिलं होतं, आणि ते खोटं नव्हतं. मोजणीच्या मशीनवर ठसा घ्यायला जाड, सपाट जागा लागते, म्हणून तो टाचेजवळ, पाठीकडे घेतात. पाव मिलीमीटरच्या धारेवर ठसा घेताच येत नाही. सगळे कारागीर असंच मोजतात आणि सगळे गिऱ्हाईक तो आकडा धारेचा समजतात.

पाणी देण्यात चूक असती तर अख्खं पातं बिघडलं असतं. भट्टी ८४५ अंशांवर, पातं दहा मिनिटं आत, मग ५५ अंशांच्या तेलात. 'पाणी देणे' म्हणतो खरं, पण एन ३१ ला पाणी दाखवलं तर तडा. पुढे २०० अंशांवर दोन-दोन तास, दोनदा. यात फक्त टोक नरम पडायला वाव नाही. उरलं घासणं.

पाणी देण्याआधी धारेकडे पाऊण मिलीमीटर जाडी ठेवतो, नाहीतर तेलात पातं नागासारखं वळतं. पाणी दिल्यावर मशीनवर फिरणाऱ्या घासायच्या बेल्टवर ती जाडी पाव मिलीमीटरवर आणायची. सगळा धोका इथे आहे. पातं कठीण, बेल्ट जोरात, आणि टोकाला उष्णता वाहून न्यायला मागे लोखंडच नाही. २०० अंशांच्या वर गेलं की टेंपर, म्हणजे दिलेला कठीणपणा, उतरायला लागतो. ३०० च्या आसपास निळी झाक येते, आणि पुढच्या बारीक बेल्टने ती पुसून जाते. मग काही दिसत नाही, ना भिंगाखाली ना फोटोत. म्हणून हातमोजे न घालता घासायचं, प्रत्येक फेरीनंतर बादलीत बुडवायचं, आणि बोटाला चटका लागायची वाट बघायची नाही.

पुरावा हवा होता. असिटोनने पुसून १६ नंबर फेरिक क्लोराइडमध्ये सोडला, एकास चार पाणी, पाच मिनिटं. हे रसायन रेडिओ दुरुस्तीच्या सामानाच्या दुकानात मिळतं. बाहेर काढून खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात धुतलं. सगळं पातं एकसारखं करडं, आणि टोकाला उजव्या अंगाने, धारेपासून आत दोन मिलीमीटर, काळा डाग. भाजलेल्या पोलादावर आम्ल असंच जास्त चढतं. शेफच्या दगडाने घासलेली पट्टी अर्धा मिलीमीटरचीही नव्हती. डाग तिच्या कितीतरी मागे, आमच्या घासणीच्या अंगावर होता.

तरी मनात एक वाट राहिली होती: एखादं पातं चुकलं असेल. ती १८ नंबरने बंद केली. शेवटच्या पॉलिशला त्यावर ६० च्या बेल्टची खोल रेघ सापडली होती म्हणून ते विकलं नव्हतं, खणात पडून होतं. प्रत्येक खेपेतलं एक नापास पातं मी फेकत नाही, ते याचसाठी. तेही आम्लात सोडलं. डाग १६ पेक्षा मोठा.

मिस्त्री शेजारी उभे होते. आधी म्हणाले, "मे महिना हुता दादा, बादलीतलं पाणीच गरम." हे कारण मला पटलं नाही. पाणी चाळीस अंश असलं तरी दोनशेच्या पात्याला ते गारच. मी तसं बोललो, तर त्यांनी बेल्टच्या खुंटीकडे बोट केलं. "आणि बेल्ट बोथट झालाय म्हणून दोनदा सांगितलं की तुम्हाला. तुम्ही म्हणला, ही खेप निघू द्या."

म्हणालो होतो. सिरॅमिकचा बेल्ट बाहेरून येतो, महाग पडतो. बोथट बेल्ट कापत नाही, नुसता घासतो, आणि घासण्याची सगळी उष्णता पात्यात जाते. मिस्त्रींनी जोर लावला कारण बेल्ट खात नव्हता, आणि बेल्ट बदलला नाही कारण मी बदलू दिला नाही. नंबरांच्या क्रमानेच घासलं होतं. म्हणजे पहिली पाती बरी, पुढे पुढे बिघडत गेलेली.

शेफला त्याच आठवड्यात नवी सुरी पाठवली आणि त्या पहिल्या प्रश्नाबद्दल माफी मागितली. उरलेल्या सहाही सुऱ्या संग्राहकांकडे होत्या: ११, १२, १३, १४, १५ आणि १७. सहाही जणांना पत्र लिहिलं. काय झालं ते सविस्तर, आणि तीन पर्याय: पैसे परत, नवी सुरी, किंवा टोकाकडची धार दोन मिलीमीटर मागे घासून दुरुस्ती.

एकाने पैसे मागितले. त्याची १२ नंबर आम्लात तपासली, स्वच्छ निघाली. एकाने नवी सुरी घेतली. त्याच्या १५ वर डाग होता. उरलेल्या चौघांची उत्तरं वेगवेगळ्या शब्दांत एकच होती: हात लावू नका. एकाने लिहिलं, "दोन मिलीमीटर घासलीत तर ती तुमची मूळ सुरी राहते का?" दुसऱ्याने कळवलं की त्याच्या कपाटातल्या चाळीसेक सुऱ्यांपैकी एकीनेही अजून कांदा पाहिलेला नाही, तेव्हा मी काळजी करू नये. मला राग आला. कशाचा, ते नीट सांगता येत नाही. त्यांनी मला मोकळं केलं होतं. पण त्या शेफने टोमॅटो कापला नसता तर खेपेच्या यशाबद्दल मी अजून लोकांना सांगत सुटलो असतो.

त्या चौघांपैकी एकाने नंतर सुरी विकली. १७ नंबर. १६ आणि १८ मी डोळ्यांनी पाहिली आहेत, त्यामुळे १७ चं टोक कसं असेल हे सांगायला आम्लाची गरज नाही. नव्या मालकाचा फोन आला: खोकं आहे, बिल आहे, पण आधीच्याकडून प्रमाणपत्र हरवलं, दुसरी प्रत मिळेल का? पत्राचा उल्लेख त्याने केला नाही. मी केला. त्याला पत्र ठाऊकच नव्हतं.

सगळं ऐकून त्याने विचारलं, "काचेच्या कपाटात ठेवली तर ते दिसतं का?"

"नाही दिसत."

"मग राहू द्या. मी काही कापणार नाहीये."

मी म्हणालो, प्रमाणपत्र देतो, पण कठीणपणाच्या आकड्याखाली एक ओळ असेल: टोकाकडचे अंदाजे २० मिलीमीटर घासताना तापले आहेत. बराच वेळ तो बोलला नाही. मग अगदी सभ्यपणे म्हणाला, "ती ओळ नसली तर चालेल का? पुढेमागे मला विकायची झाली तर..."

याला तीन आठवडे झाले. प्रमाणपत्र ओळीसकट लिहून टेबलावर आहे, वर तेलाचा डबा ठेवलाय. त्याने पत्ता पाठवलेला नाही, मी मागितलेला नाही. सकाळी भट्टी पेटवताना मिस्त्री त्या कागदाकडे बघतात. काल म्हणाले, "ओळीसकट पाठवा दादा, नाहीतर पाठवूच नका. आणि बेल्ट मागवले का?"

मागवले. बारा.